सॉफ्ट टॉप की हार्ड टॉप? आधी जुलै आठवा

पहिली गाडी कुठली, ही चर्चा सुरू झाली की आमच्या वयाच्या कुठल्याही ग्रुपमध्ये पाच मिनिटांत थारचं नाव निघतं. आणि थार म्हटलं की पुढचा वाद ठरलेला. सॉफ्ट टॉप की हार्ड टॉप? म्हणजे मागे दुमडता येणारं कापडी छप्पर, की कायमचा कडक टप? ‘छप्पर उघडायचंच नसेल तर थार कशाला, दुसरी कुठलीही घे की,’ हा कापडी पार्टीचा हुकमी डायलॉग. ऐकायला भारी वाटतो. पण गाडी वसई-विरारमध्ये रोज चालवायची असेल, तर माझं मत हार्ड टॉपला. कंपनी कुठलं व्हेरियंट कधी देते हे बदलत असतं, सेकंडहँड बाजारात मात्र दोन्ही दिसतात, त्यामुळे हा प्रश्न काही संपत नाही.

उघड्या गाडीचं वेड आपल्याला सिनेमाने लावलंय, हे आधी मान्य करू. ‘दिल चाहता है’ २००१ मध्ये आला तेव्हा माझ्या बॅचमधलं कुणी जन्मलंही नव्हतं. तरी उघड्या मर्सिडीजमधून गोव्याला निघालेले ते तिघं आम्हाला पाठ आहेत. पुढे २०११ मध्ये ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ आला आणि स्पेनच्या रस्त्यावरच्या जुन्या ब्युइकने उरलेलं काम केलं. आता खऱ्याखुऱ्या परदेशी कन्व्हर्टिबलच्या किमतीत विरारला एकापेक्षा जास्त फ्लॅट येतात. मग आपल्या आवाक्यातलं स्वप्न उरतं ते थारचं. तेही आपल्याच राज्यातलं, नाशिकच्या कारखान्यातलं.

जीपची गोष्ट तशी जुनी. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली, ती गाडी कापडी हूडचीच होती. २०१० साली आलेली पहिली थारसुद्धा कापडीच. मग २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार बाजारात आली आणि गिऱ्हाइकाला कंपनीकडूनच कडक टपाचा पर्याय मिळाला. त्यानंतर कंपनीचा कल बघा. जानेवारी २०२३ मध्ये आलेली स्वस्तातली रिअर व्हील ड्राइव्ह थार फक्त हार्ड टॉपमध्ये आली. ऑगस्ट २०२४ ची पाच दारांची रॉक्स तर सरळ पत्र्याच्या टपाची, वर सनरूफ. म्हणजे आधी छप्पर पक्कं केलं आणि मग त्याला खिडकी पाडली! हसू येतं, पण लोकांना नेमकं काय हवंय हे कंपनीला आपल्याआधी कळलेलं दिसतं.

सॉफ्ट टॉपसोबत रोज राहणं कसं असतं हे समजून घ्यायला शोरूमला जायची गरजच नाही. आपण सगळे रोज त्यातूनच फिरतो. रिक्षा! रेक्झिनचं हूड, जूनमध्ये बाजूला लागणारे प्लास्टिकचे पडदे, आणि कितीही आत सरकून बसलं तरी ओला होणारा एक गुडघा. रिक्षावाले काका दर दोन पावसाळ्यांनी हूडची शिलाई का करून घेतात, ते एकदा विचारून बघा. थारचं कापड रिक्षापेक्षा कितीतरी चांगलं असतं, नीट बसवलेलं असेल तर गळतही नाही. पण शेवटी ते कापडच. शिवण, चेन, वेल्क्रो, प्लास्टिकच्या खिडक्या, हे सगळं उन्हाने आणि खाऱ्या हवेने थकत जातं. मागची पारदर्शक खिडकी धुरकट झाली की रिव्हर्स घेताना अंदाजपंचे. ओलं छप्पर दुमडून ठेवलं तर बुरशी आलीच. आपल्याकडे जुलैमध्ये दोरीवरची जीन्स तीन दिवस वाळत नाही, छप्पर कधी वाळणार?

आता कॅलेंडर घेऊन बसा. जून ते सप्टेंबर पाऊस. ऑक्टोबरचं ऊन डोकं फिरवतं. मार्चपासून दुपारी घामाच्या धारा. राहिल्या थंडीतल्या सकाळी आणि काही संध्याकाळी. त्या सकाळी आपण कुठे असतो? हायवेवर, नाहीतर वसई स्टेशनच्या रांगेत. घोडबंदर ते अच्छाड या टप्प्याच्या काँक्रिटीकरणात हायवेवरच्या ट्रॅफिकने काय हाल केले ते सगळ्यांनी भोगलंय. डंपरच्या मागे अर्धा तास छप्पर उघडं ठेवून बसलं की घरी पोहोचेपर्यंत केस सिमेंट रंगाचे.

आणि सर अचानक येते, हे तर विसरूच नका. थारचं कापडी छप्पर बटण दाबून बंद होत नाही, हाताने ओढून लावावं लागतं. गाडी थांबवायची, उतरायचं, छप्पर पुढे आणायचं, खिळ्या लावायच्या, मग मागच्या खिडक्यांच्या चेन. सवय झालेल्या माणसालाही काही मिनिटं लागतात. चिंचोटीजवळ उजव्या लेनमध्ये, मागे कंटेनर हॉर्न मारतोय आणि सर कोसळलीय, तेव्हा ही काही मिनिटं फार मोठी असतात. सीट भिजते, फोन भिजतो, आणि शेजारी बसलेल्याचा मूड भिजतो तो वेगळाच.

पार्किंगबद्दल यूट्यूबवाले बोलतच नाहीत. नालासोपारा आणि विरारच्या कितीतरी जुन्या इमारतींना स्टिल्ट पार्किंग नाही, गाडी रात्रभर रस्त्यावर. वर झाड, झाडावर कावळे. कापडाला ब्लेड लावायला चोराला काच फोडण्याएवढाही आवाज करावा लागत नाही. स्टेशनला गाडी लावून मुंबईला जाणाऱ्याने आत लॅपटॉप ठेवायचा विचारही करू नये.

सुरक्षेचं मात्र दोन्ही बाजूंनी खरं सांगायला हवं. ‘कापडी म्हणजे उलटली की संपलं’ असं काहीजण म्हणतात, ते तितकंसं बरोबर नाही. २०२० पासूनच्या थारमध्ये कापडाखालीही लोखंडी रोल केज असतो, आणि त्या वर्षी ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत गाडीला चार स्टार मिळाले होते. पण पट्टा लावला नसेल तर पिंजऱ्याचा उपयोग नाही, आणि उघड्या गाडीत मागे उभं राहून रील काढायचा मोह सगळ्यात जास्त. आपल्याच जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ ला सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले. दोघेही मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. तीही बंद टपाची, महागातली गाडी होती. जुनी, २०२० च्या आधीची थार स्वस्तात मिळतेय म्हणून बघायला जात असाल, तर मागे समोरासमोरचे बाक आहेत का ते आधी पाहा. तिथे बसणाऱ्याला पुढच्या सीटसारखी सुरक्षा मिळत नाही.

हार्ड टॉपमध्ये सगळं गोड आहे असं नाही. तीन दारांच्या थारला मागच्या बाजूच्या काचा उघडत नाहीत. एसी बंद केला की मागे बसलेल्याची भट्टी. मागे चढायला पुढची सीट सरकवून आत घुसावं लागतं. आजीला घेऊन आगाशीला जायचं तर आजी दोन वाक्यांत गाडीचा उद्धार करेल. हा त्रास दोन्ही टपांना सारखाच, त्यामुळे घरातली चार-पाच माणसं रोज बसणार असतील तर वाद छपराचा नाहीच, गाडीचाच आहे. बहुतेकांच्या घरी पहिल्या गाडीच्या कर्जावर आई किंवा बाबांचीही सही असते. त्यांना मागच्या सीटवर बसवून एक चक्कर मारल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरणं मला तरी बरोबर वाटत नाही.

‘आत्ता स्वस्तात सॉफ्ट टॉप घेतो, पुढे गॅरेजमधून फायबरचा टप बसवतो,’ ही तिसरी आयडिया जोरात चालते. जरा थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत असे बदल मनाने करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. नंतर इन्शुरन्सचा क्लेम करताना किंवा एमएच ४८ ची ती गाडी विकताना हा टप डोक्याला ताप होऊ शकतो. सेकंडहँड घेताना आरसी आणि समोरची गाडी जुळते का, ते नीट बघा.

राहता राहिली वाऱ्याची हौस. ती खरी आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. राजोडी, कळंब, भुईगावचा रस्ता स्कूटरवरून केलात तर थारपेक्षा जास्त वारा लागतो (हेल्मेट घालून, प्लीज). फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो सुरू झालीय. हार्ड टॉप गाडी बोटीवर चढवा, खाली उतरा आणि रेलिंगला टेकून उभे राहा. खाडीचा वारा तोच. शिवाय घोडबंदरमार्गे पडणारा लांबचा वळसाही वाचतो.

तरीही सॉफ्ट टॉपच घ्यायची असेल तर घ्या, फक्त टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी सात वाजता घेऊ नका. जुलैतला शनिवार निवडा, संध्याकाळी सातची वेळ. वसई फाट्यावरून निघा, वालीवमार्गे स्टेशनपर्यंत या, मागे दोन माणसं बसवा. वाटेत एकदा गाडी बाजूला घेऊन छप्पर उघडा आणि परत लावा. सेल्समनच्या मदतीशिवाय, घड्याळ लावून.