मज्जातंतूंच्या वेदनांवर लेझर थेरपी: दावे किती, पुरावे किती?

दादर, परळ, गिरगावच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये आता 'लेझर थेरपी'चं नाव सर्रास ऐकू येतं. सायटिका, मनगटात नस दबणं, मधुमेहामुळे तळपायांची आग होणं, अशा दुखण्यांवर 'ना सुई, ना ऑपरेशन' असा उपाय कुणाला नको असेल? पण त्याचा खरंच किती फायदा होतो?

ही थेरपी काय आहे?

साधारण ६०० ते १००० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल किंवा अवरक्त प्रकाश त्वचेवर सोडला जातो. पेशींमधली मायटोकाँड्रिया तो शोषून घेतात आणि त्यामुळे सूज व वेदना कमी होतात, असं मानलं जातं. १९६० च्या दशकात हंगेरीतले डॉ. एंड्रे मेस्टर यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून याची सुरुवात झाली. मणक्याच्या गादीत सुई घालून केली जाणारी लेझर प्रक्रिया मात्र वेगळी.

पुरावे काय सांगतात?

कर्करोगाच्या काही उपचारांत तोंडात होणाऱ्या जखमा टाळण्यासाठी २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत या थेरपीची शिफारस आहे. म्हणजे ती निव्वळ थोतांड नाही.

मज्जातंतूंच्या बाबतीत चित्र तितकं स्पष्ट नाही. मनगटात नस दबण्याच्या त्रासावरच्या २२ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०१७ मध्ये घेतला. पुरावा अत्यंत कमी दर्जाचा होता आणि ठोस फायदा दिसला नाही. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जुनाट कंबरदुखीच्या पर्यायांत लेझरचा समावेश केला, पण पुरावा कमी दर्जाचा असल्याचं नोंदवूनच.

मग धोका कुठे?

पैशांइतकाच वेळेचाही प्रश्न आहे. नस जास्त काळ दबून राहिली तर अंगठ्याच्या मुळाशी असलेले स्नायू झिजतात. कंबरदुखीसोबत लघवीवरचा ताबा सुटला, तर ती इमर्जन्सी असते. अशा वेळी सिटिंग्ज मोजत बसणं महागात पडतं.

आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. ज्यांचे पाय बधिर झाले आहेत, त्यांना जास्त शक्तीच्या लेझरचा चटका बसला तरी कळत नाही. त्यांच्यासाठी साखरेवर नियंत्रण आणि डॉक्टरांनी दिलेली प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिनसारखी औषधं यांना जास्त भक्कम आधार आहे.

क्लिनिकमध्ये काय विचाराल?

- निदान कोणत्या डॉक्टरांनी आणि कशावरून केलं?
- किती सिटिंग्जनंतर फरक पडला नाही तर थांबायचं?
- फिजिओथेरपिस्टची नोंदणी आहे का?
- डोळ्यांवर संरक्षक चष्मा देणार का?
- सोबत व्यायाम शिकवणार का?

पॅकेजचे पैसे भरण्याआधी दुसरं मत घेता येतं. परळच्या केईएम या पालिकेच्या रुग्णालयात १९५३ पासून फिजिओथेरपीचं शिक्षण दिलं जातं. तिथे केसपेपर काढून आधी दुखण्याचं कारण समजून घ्यावं. लेझर घ्यायचाच असेल, तर तो मूळ उपचारांच्या जोडीला घ्यावा. त्यासाठी सुरू असलेली औषधं मनानेच बंद करू नयेत.