कर्णनाद : सवयीचा दोष की कामाची इजा?

२०२५ सालच्या आरंभी केंद्र सरकारच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने राज्यांना एक पत्र धाडले. हेडफोन व इअरफोन यांच्या अतिवापराने तरुणांची श्रवणशक्ती कायमची बिघडत आहे, कर्णनादाचा विकार जडत आहे; म्हणून आवाज ५० डेसिबलच्या आत ठेवावा आणि दिवसाकाठी दोन तासांहून अधिक काळ ही साधने वापरू नयेत, असा त्यातील सल्ला होता. धोक्याची जाणीव करून दिली हे योग्यच झाले. परंतु या सल्ल्याचा रोख सर्वस्वी ऐकणाऱ्याकडे आहे. जणू विकाराचे मूळ तरुण पिढीच्या बेबंद सवयीत आहे, आणि तिने थोडा संयम पाळला की प्रश्न मिटला!

हा सल्ला वाराणसीच्या अहिल्याबाई घाटावर नेऊन तपासून पाहावा. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला हा घाट मराठी माणसाला परका नाही. दशाश्वमेध घाट तेथून हाकेच्या अंतरावर आहे. तेथे रोज सायंकाळी गंगेची आरती होते आणि ध्वनिवर्धकांतून तिचा आवाज आसपासच्या पायऱ्यांवर पसरतो. त्यात नावांची इंजिने, विक्रेत्यांच्या आरोळ्या आणि मागच्या रस्त्यावरचे भोंगे मिसळतात. यात्रेकरू तासभर थांबतो आणि प्रसन्न चित्ताने परततो. त्याच्याविषयी किंवा त्याच्या श्रद्धेविषयी येथे काहीच तक्रार नाही. पण नाव चालवणारा नाविक, फुले आणि दिवे विकणारी बाई, चहावाला, छायाचित्रे काढून देणारा मुलगा यांच्या वाट्याला तो तास रोज येतो, वर्षानुवर्षे येतो. गिऱ्हाइकाशी फोनवर बोलायचे तर त्यांना इअरफोन कानात घालावा लागतो आणि त्याचा आवाज भोवतालच्या गोंगाटावर चढवावा लागतो. ५० डेसिबल म्हणजे शांत खोलीतले हलक्या आवाजातले बोलणे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी तर निवासी भागात दिवसा ५५ आणि व्यापारी भागात ६५ डेसिबलपर्यंत मुभा दिलेली आहे. म्हणजे कायद्याला मान्य असलेल्या गोंगाटाहूनही कमी आवाजात ऐका, असे सरकार सांगते. ती कायदेशीर मर्यादा तरी आपल्या किती शहरांत पाळली जाते?

या विकाराचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. कर्णनाद म्हणजे बाहेर कोणताही ध्वनी नसताना कानात किंवा डोक्यात शीळ, गुणगुण, घोंगावणे ऐकू येणे. तो काही आधुनिक काळाचा शोध नव्हे. ज्या सुश्रुतसंहितेची परंपरा काशीच्या दिवोदास धन्वंतरीशी जोडली जाते, तिच्या उत्तरतंत्रात २८ कर्णरोग सांगितले आहेत व त्यांत कर्णनादाची गणना आहे. नवे आहे ते त्याचे एक कारण आणि त्या कारणाचा व्याप. अंतर्कर्णातील शंखाकृती अवयवात सुमारे १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात. त्या ध्वनीच्या कंपनांचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशात करतात. अतिरेकी आवाजाने त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मेंदूकडे येणारे संदेश असे तुटपुंजे झाले की मेंदू आपली ग्रहणशक्ती वाढवून ती तूट भरून काढू पाहतो. या वाढीव ग्रहणशक्तीतून शांततेतही नाद ऐकू येतो, आणि साधे आवाज असह्य होऊ लागतात, असे आजचे शास्त्र मानते. दुसऱ्या प्रकाराला हायपरॲक्युसिस, म्हणजे आवाजाची अतिसंवेदनशीलता म्हणतात. दोन्ही व्याधी पुष्कळदा जोडीने येतात.

येथे डेसिबलचा हिशेब नीट पाहावा, कारण तो फसवा असतो. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये ठरवलेल्या मानकानुसार प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकणे सुरक्षित धरले आहे. ८३ डेसिबलला हे तास २० होतात, ८६ ला १०, ८९ ला केवळ ५. आणि १०१ डेसिबलला आठवडाभराचा साठा २० मिनिटांच्या आत संपतो. गजबजलेल्या रस्त्यावर किंवा लोकलच्या डब्यात फोनमधला शब्द कळावा म्हणून आवाज वाढवणारा माणूस चैन करीत नसतो. पण ही मर्यादा तो नकळत, आणि फार लवकर, ओलांडत असतो.

या दृष्टीने कामाच्या जागांकडे पाहिले म्हणजे ‘सवयीचा दोष’ हे निदान किती अपुरे आहे ते कळते. वाराणसीच्या मदनपुरा, बजरडीहा या विणकरवस्त्यांत हातमागाबरोबर यंत्रमागही आले. आपल्याकडे भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव, सोलापूर येथे यंत्रमागांच्या शेडमध्ये कामगारांची आयुष्ये जातात. तेथील खडखडाट सहज ९० डेसिबलच्या वर जातो. बारा तासांच्या पाळीचा कंटाळा विसरण्यासाठी तरुण कामगार त्यावर गाणी चढवतो, तेव्हा त्याचे कान दोन्हीकडून भरडले जातात. पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरमध्ये हेडफोन हे कामाचे हत्यारच आहे. ते दोन तासांनंतर उतरवून ठेवा, असे कोण कोणाला सांगणार? हेडफोनमध्ये अचानक उसळणाऱ्या तीव्र ध्वनीच्या धक्क्याने कर्णनाद आणि अतिसंवेदनशीलता जडल्याची नोंद ऑस्ट्रेलिया व ब्रिटनमधील कॉल सेंटर कामगारांच्या बाबतीत झालेली आहे. घरपोच माल पोचवणारा मोटारसायकलस्वार रहदारीतून पत्ता ऐकत जातो. ध्वनिमुद्रण ऐकून मजकूर उतरवणारे आणि भाषांतर करणारे यांचीही हीच तऱ्हा.

प्रस्तुत लेखक त्यांच्यापैकीच आहे. दिवसाचे कित्येक तास भाषणांची ध्वनिमुद्रणे ऐकण्यात जातात, आणि गेली काही वर्षे डाव्या कानात एक बारीक शीळ अखंड वाजते. शीळेपेक्षाही त्रासदायक आहे ती आवाजांची धास्ती. कुकरची शिट्टी, स्टीलच्या ताटांची आदळआपट, मागून आलेला रिक्षाचा भोंगा कानात सुईसारखा शिरतो. माणूस लग्नाला जाणे टाळतो, सभेत मागच्या ओळीत बसतो आणि हळूहळू चारचौघांतून उठून जातो. बाहेरून काहीच दिसत नसल्याने घरच्यांनाही तो तऱ्हेवाईक वाटतो. श्रवणचाचणीचा आलेख पुष्कळदा ठीक येतो आणि ‘काही झालेले नाही’ असे सांगून त्याला परत पाठवले जाते. परंतु केशपेशी शाबूत असतानाही त्यांचे मज्जातंतूंशी असलेले दुवे तुटू शकतात व नेहमीच्या चाचणीत ते उमगत नाही, हे २००९ मध्ये अमेरिकेत उंदरांवर झालेल्या संशोधनाने दाखवून दिले आहे.

अशा माणसाला काय सांगावे? खात्रीने नाद बंद करणारे औषध आज उपलब्ध नाही. तसे सांगून तेल वा गोळ्या विकणाऱ्यांपासून दूर राहावे. मात्र समुपदेशनाने व वर्तनोपचाराने नादाचा जाच कमी होतो, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने पुष्कळांना आराम पडतो, आणि रात्री पंख्यासारखा मंद आवाज सोबतीला असला की नाद मागे पडतो. भीतीपोटी अष्टौप्रहर कानांत बोळे घालून बसू नये. त्याने मेंदू आणखी हळवा होतो. बोळे खऱ्या गोंगाटासाठी राखावेत आणि साध्या आवाजांशी हळूहळू पुन्हा ओळख करून घ्यावी. अचानक ऐकू येईनासे झाले, किंवा एकाच कानात नाडीसारखा ठोका ऐकू येऊ लागला, तर मात्र विनाविलंब कानाच्या डॉक्टरांकडे जावे.

परंतु वैयक्तिक उपाय येथेच संपतात आणि समाजाचे कर्तव्य सुरू होते. आपले कायदे काय म्हणतात? १९४८ च्या कारखाना कायद्याने गोंगाटामुळे होणारी श्रवणहानी व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घातली होती आणि २०२० च्या संहितेनेही ती ठेवली आहे. पण मोजली जाते ती केवळ हानी. नाद व अतिसंवेदनशीलता यांची दखल नाही. कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा चालत आली आहे. ब्रिटनमध्ये २००५ च्या नियमांनुसार ८० डेसिबललाच मालकाची जबाबदारी सुरू होते आणि ८५ ला ती अधिक कडक होते. ८५ आणि ९० यांतील पाच डेसिबल कागदावर क्षुल्लक दिसतात. ऊर्जेच्या हिशेबाने तो फरक तिपटीहून अधिक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची श्रवणहानी असल्याशिवाय माणूस बसतच नाही. ज्याला कमी नव्हे, तर जास्त ऐकू येते, त्याने कोणते प्रमाणपत्र मागावे?

मग ऐकणाऱ्यावर काहीच जबाबदारी नाही काय? अवश्य आहे. कर्कश आवाजात तासन्‌तास गाणी ऐकणाऱ्याने कानांची काळजी घेतलीच पाहिजे. पण संयमाची संधी सर्वांना सारखी नसते. ज्याच्या खिशात पैसे आहेत, तो बाहेरचा गोंगाट गाळणारा महागडा हेडफोन घेतो, बंद काचेच्या मोटारीतून फिरतो, शांत वस्तीत घर घेतो. शांतता ही अशी बाजारात विकली जाणारी वस्तू झाली आहे आणि ज्याला ती परवडत नाही त्याला संयमाचे प्रवचन ऐकवले जाते. गंगेचा काठ सर्वांचा म्हणून त्यावर घाट बांधले गेले. शांततेचाही तसाच सर्वांना सारखा हक्क असला पाहिजे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. कामाच्या जागेची मर्यादा ८५ डेसिबलवर आणावी. हेडफोनवर काम करणाऱ्यांना दर तासाला कानांची विश्रांती, दर वर्षी मोफत तपासणी आणि धक्कादायक ध्वनी रोखणारी उपकरणे मालकाने द्यावीत. कर्णनाद आणि अतिसंवेदनशीलता यांना व्यवसायजन्य इजा म्हणून भरपाई मिळावी. २०१९ चे सुरक्षित श्रवणाचे मानक उत्पादकांच्या मर्जीवर न सोडता सक्तीचे करावे. जिल्हा रुग्णालयांत श्रवणतज्ज्ञ व समुपदेशक नेमावेत. आणि २००० सालचे नियम मंदिर, मशीद, लग्नाची वरात, गणपतीचा डीजे व राजकीय सभा यांपैकी कोणालाही सूट न देता लागू व्हावेत. त्यात आपल्या सभाही आल्या. ऐकून घेण्याची क्षमता हे लोकशाहीचे भांडवल आहे. ज्यांचे कान कामाने आणि गोंगाटाने झिजवले, त्यांनाच दोषी ठरवून ते राखता येणार नाही.