राखीव प्रतीचा हिशेब

वैरागसारख्या गावात वीज गेली की संगणकाची चिंता वाटते. परंतु खंडित विजेनेच एका बलाढ्य कंपनीला सावरले आहे. २७ जून २०१७ रोजी संगणकीय हल्ल्याने ‘मर्स्क’ या जहाज कंपनीचा कारभार कोलमडला. न्हावाशेव्यातील तिचे टर्मिनलही ठप्प झाले. कोणाला काय उघडता येईल हे ठरविणारे तिचे संगणक जगभर निकामी झाले. घानातील एक तेवढा वाचला, कारण वीज गेल्याने तो जाळ्यापासून तुटला होता. तरीही ४५,००० संगणक व २,५०० प्रोग्राम नव्याने बसवावे लागले.

आपल्या शाळा-कार्यालयांत निकालपत्रके पेनड्राइव्हवर उतरविली की समाधान होते. पण संगणक सुरू करणारी डिस्कच बिघडली, तर पगाराचा प्रोग्राम व त्याची सारी जुळणी कोठून आणणार? म्हणून संपूर्ण डिस्कची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी, ती एरवी संगणकापासून अलग ठेवावी आणि अधूनमधून दुसऱ्या डिस्कवर उतरवून पडताळावी. न पडताळलेली प्रत ही केवळ समजूत होय.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा विम्याचा हप्ता आहे. तो टाळणारी संस्था बचत करीत नाही. उद्याचे नुकसान ती आपल्या लिपिकाच्या माथी मारते, इतकेच.