स्टँडला कोण विचारतो?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट नावाचा एक सण येतो. ग्रुप पडतात, गाईडच्या केबिनबाहेर रांगा लागतात, पीपीटी होते, रिपोर्ट बाइंडिंगला जातो. गिअर, मोटर, सेन्सर यांवर होस्टेलच्या गच्चीवर रात्र-रात्र चर्चा झडतात. आणि सबमिशनला आठ दिवस उरले की कोणाला तरी आठवतं, "अबे, हे ठेवायचं कशावर?" मग एक जण गाडी काढतो आणि वेल्डिंगच्या दुकानात जाऊन सांगतो, "काका, दीड बाय दीड फुटाचं एक स्टँड करून द्या." काका विचारतात, "वर काय ठेवता?" उत्तर, "मशीन." झाली स्टँडची डिझाइन कॅल्क्युलेशन!

मित्रहो, माझं मत सरळ आहे. ज्यानं मशीन डिझाइन केलं त्यानंच त्याचं स्टँडही डिझाइन करावं, स्वतः कापावं, स्वतः जोडावं. आणि त्यासाठी कॉलेजनं वर्कशॉप संध्याकाळी उघडं ठेवावं.

मी खापरखेड्याचा. आमच्या गावात चिमण्या दिसतात त्या आकाशात उडणाऱ्या नाहीत, धूर सोडणाऱ्या! औष्णिक वीज केंद्रात १९८९ ते २००१ या काळात २१० मेगावॉटचे चार संच उभे राहिले आणि २०११ मध्ये ५०० मेगावॉटचा पाचवा. लोकांना चिमणी दिसते, कूलिंग टॉवर दिसतो. पण एवढा मोठा बॉयलर जमिनीवर बसवलेला नसतो, हे किती जणांना माहीत आहे? तो वरून टांगलेला असतो. भोवती पोलादी खांबांचा प्रचंड सांगाडा, माथ्यावर गर्डर, आणि त्यांना सळयांनी लटकवलेला बॉयलर. कारण तापला की तो काही इंच खाली वाढतो. खालून आधार देऊन जखडला तर नळ्या आणि जोड फाटतील. टर्बाइनचंही तसंच. त्याचा काँक्रीटचा पाया भोवतालच्या इमारतीपासून मुद्दाम फट ठेवून वेगळा करतात, म्हणजे ३००० आरपीएमची थरथर इमारतीत शिरत नाही. म्हणजे जिथे कोट्यवधींचं मशीन असतं तिथे आधाराचा विचार मशीनच्या बरोबरीनं होतो. आपल्याकडे मात्र तो आठ दिवस आधी, गाडीवर बसून होतो.

आता आमच्याच प्रोजेक्टचं उदाहरण देतो. फ्लाय अॅशच्या छोट्या विटा दाबायचं हातानं चालणारं लिव्हर प्रेस. राख आमच्या गावात ढिगानं, त्यामुळे विषय ठरायला वेळ लागला नाही. स्टँड आम्ही सुट्टीत खापरखेड्यातल्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात, तिथल्या काकांच्या हाताखाली बनवलं. आधी कागदावर बसलो. लिव्हर आणि टॉगल मिळून प्रेस एक टनाचा दाब देतं, म्हणजे स्टँडही एक टनाचं हवं, असं पहिल्यांदा कोणालाही वाटेल. तसं नाही. तो एक टन प्रेसच्या स्वतःच्या फ्रेममध्येच फिरतो. वरचा दट्ट्या खाली ढकलतो, खालचा बेड तेवढाच वर ढकलतो, हिशोब तिथेच मिटतो. स्टँडपर्यंत पोचतं ते फक्त वजन आणि आपल्या हाताचा ओढा.

पण हा ओढाच घात करतो. लिव्हर उभा असताना पहिला झटका आडवा बसतो. समजा जमिनीपासून १.२ मीटरवर २०० न्यूटन, साधारण २० किलोचा जोर. उलटवणारा मोमेंट झाला २४० न्यूटन-मीटर. स्टँडचा पाया ६०० मिलिमीटर चौरस आणि प्रेससकट वजन ६० किलो धरलं तर सावरणारा मोमेंट ६०० गुणिले ०.३, म्हणजे १८०. स्टँड पडणार! एक टन पेलणारं स्टँड २० किलोच्या ओढ्यानं पालथं होतं, आणि हे पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्सचं गणित आहे. उपाय दोनच: जमिनीत अँकर बोल्ट मारा, नाही तर तळाला फळी टाकून ६० किलो रेती ठेवा. रेती ठेवली की तोच आकडा ३६० होतो. आम्ही रेती ठेवली, कारण प्रदर्शनाच्या हॉलच्या फरशीला भोक पाडायला कोण परवानगी देणार?

मागच्या वर्षी एका ग्रुपचं बेंच प्रेस प्रदर्शनात असंच पुढे कलंडलं आणि एका पोराचं बोट चेमटलं. टाके पडले, थोडक्यात निभावलं. त्यांच्या रिपोर्टमध्ये गिअरच्या दातांचं बीम स्ट्रेंथ दोन पानं होतं. स्टँडवर एक ओळ नव्हती.

ही अडचण फक्त आपली नाही. अमेरिकेत हौशी नेमबाज रिकामी काडतुसं घरीच पुन्हा भरतात. त्यांचं लिव्हर प्रेसही टेबलावर नाही तर पोलादी स्टँडवर बोल्टनं बसवलेलं असतं, आणि तिथेही रडगाणं तेच: लिव्हर ओढला की स्टँड डुलतं आणि त्या हादऱ्यानं मापातून पडणारी दारू कमी-जास्त होते. आपल्याकडे हा घरचा छंद नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि काडतुसं बनतात खडकी, वरणगावसारख्या कारखान्यांत. पण शिकण्यासारखी गोष्ट एवढीच, की काम जितकं नाजूक आणि धोक्याचं, तितका खालचा आधार घट्ट हवा.

आता घट्ट म्हणजे काय? आपल्या पोरांच्या मते घट्ट म्हणजे जाड. चार पाय आणि चार आडव्या पट्ट्या जोडल्या की चौकट होते, पण चौकट बाजूनं ढकलली की समांतरभुज होते. काकांनी आमचा पहिला स्केच बघितला आणि म्हणाले, "पोट्टेहो, याले तिरपी पट्टी नाही देली त हे एका बाजूनं लवते. लोखंड कितीबी जाड घ्या." तिरपी पट्टी टाकली की त्रिकोण होतो आणि त्रिकोण हलत नाही. मग तीन बाजूंना तिरप्या पट्ट्या आणि समोरची बाजू पाय घालायला मोकळी. सगळं मिळून ४० बाय ४० बाय ५ चं अँगल दहा मीटर लागलं, मीटरला ३ किलोप्रमाणे ३० किलो. वर १० मिलिमीटरची साडेचारशे चौरस प्लेट, ती सोळा किलो.

दुसरी गंमत. त्याच मापाचा २.६ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घेतला तर वजन जवळजवळ तेवढंच पडतं, पण पिळाला विरोध चाळीसएक पट! उघडा सेक्शन आणि बंद सेक्शन हा फरक आपण स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समध्ये सात मार्कांसाठी पाठ करतो. अँगल आणि पाइपचे दोन तुकडे हातात घेऊन पिळून पाहिले की तो जन्मात विसरत नाही.

वेल्डिंगचंही तेच. आधी फक्त टॅक मारायचे. मग दोरीनं दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे भरले तरच पुढे. फुल वेल्ड एका कोपऱ्यावरून सरळ ओढत न्यायचा नाही, समोरासमोरचे कोपरे आळीपाळीनं घ्यायचे, नाही तर थंड होताना लोखंड आकसून फ्रेम वाकडी ओढतं. ३.१५ चा रॉड, ९० ते १३० अँपिअर. काळी काच दहा-अकरा नंबरची, चामड्याचे मोजे, सुती शर्ट. नागपूरच्या मे महिन्यात हे सगळं अंगावर चढवून अर्धा तास बसा, मग कळतं की बिलातले "लेबर चार्जेस" म्हणजे काय असतं. कित्येक दुकानांत माणसं साधा गॉगल लावून, कधी नुसतं तोंड फिरवून वेल्ड मारतात आणि रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं तळमळतात. उद्या साइटवर याच माणसांवर आपण सही करणारे साहेब होणार. त्यांना चांगली काच, हेल्मेट मिळतं की नाही, हे बघायची अक्कल कुठल्या सेमिस्टरला येते?

यावर नेहमीचं उत्तर मला पाठ आहे. "हे आयटीआयवाल्याचं काम. आपण डिझाइनवाले." बरं. बॉयलरच्या उच्च दाबाच्या नळ्या जोडणाऱ्या वेल्डरला भारतीय बॉयलर नियमावली, १९५० प्रमाणे परीक्षा देऊन पात्रता मिळवावी लागते. त्याच्या जोडाचा एक्स-रे निघतो. आपल्या ड्रॉइंगचा कोण काढतो? मी असं म्हणत नाही की प्रत्येकानं वेल्डर व्हावं. पण जिथे रॉडच पोचत नाही अशा कोपऱ्यात वेल्डची खूण करणारा डिझाइनर होऊ नये एवढं तरी जमावं.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो खरा आहे. म्हणूनच हे काम रस्त्याकडेच्या दुकानात न होता कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, इन्स्ट्रक्टरसमोर व्हावं. आपलं वर्कशॉप प्रॅक्टिकल संपलं की पाच वाजता कुलूपबंद होतं. पहिल्या वर्षी लॅप जॉइंट आणि टी जॉइंटचा एकेक जॉब केला, फाइलवर सही झाली, की पुढची तीन वर्षं त्या शेडमध्ये पाय पडत नाही.

मागणी फार मोठी नाही. प्रोजेक्टच्या सेमिस्टरला आठवड्यातून दोन दिवस पाच ते आठ वर्कशॉप उघडं. इन्स्ट्रक्टर सरांना त्या तासांचा रीतसर मोबदला, फुकटची सेवा नको. काचा आणि मोजे कॉलेजचे. आणि प्रोजेक्टच्या शंभरातले दहा मार्क स्टँडला. परीक्षा सोपी ठेवा: व्हायवाच्या दिवशी परीक्षकांनी लिव्हर धरून जोरात ओढावा. डुललं तर मार्क कट. खात्री असेल त्या ग्रुपनं एचओडी सरांना वर उभं राहायची विनंती करावी! सर, हलकेच घ्या.

येत्या जूनमध्ये नवीन टर्म सुरू होईल. त्याआधी मी हा अर्ज विभागात देणार आहे. सही करायला तयार असाल तर मेसमध्ये शोधा, जेवणाच्या वेळी मी कुठेच जात नाही.