इंग्रजीच्या तासाला मराठीची सोबत

पालकसभा कोणत्याही इयत्तेची असो, एक प्रश्न हमखास येतो : "आमच्या मुलाला इंग्रजी बोलता कधी येणार?" प्रश्न रास्त आहे. घरी मराठी, शेजारी-बाजारात गुजराती आणि टीव्हीवर हिंदी, असे आपल्या बडोद्याच्या मुलांचे जग आहे. बारावीनंतर महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रवेश घेतला की शिक्षणाचे माध्यम मात्र इंग्रजी. शाळेत गणितात पहिला येणारा मुलगा तिथे शंका विचारायला उठत नाही. शंका मनात असते, पण वाक्य जुळत नाही. अशी हुशारी गप्प बसून राहणे हे आपल्या समाजाचे नुकसान आहे.

यावर दोन उपाय नेहमी सुचवले जातात. घरी सर्वांनी इंग्रजीच बोलावे आणि इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द उच्चारला की दंड करावा. माझ्या मते या दोन्ही उपायांनी मूल इंग्रजी शिकण्याऐवजी बोलणेच टाळते.

ज्यांच्या नगरीत आपण राहतो त्या श्रीमंत सयाजीराव महाराजांचेच उदाहरण घ्या. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावाहून ते बडोद्यास आले, तेव्हा बारा वर्षांच्या या मुलाला अक्षरओळखही नव्हती. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचे शिक्षण त्यांना मिळाले. इलियटसाहेब त्यांचे शिक्षक होते. १८८१ साली राज्यकारभार हाती येईपर्यंतच्या अवघ्या सहा वर्षांत हे सारे झाले. इंग्रजीसाठी त्यांना मराठी सोडावी लागली नाही. पुढे १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेही देशी भाषांतून.

मुलांच्या चुका नीट पाहिल्या तर त्यांची मुळे मराठीत सापडतात. 'मी काल गेलो होतो' याचे मूल 'आय हॅड गॉन यस्टर्डे' करते, कारण आपल्याकडे साध्या भूतकाळालाही 'होतो' चालते. 'अ' आणि 'द' विसरतात, कारण मराठीत त्यांची गरजच नाही. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम की बनियन, हा घोटाळा आपल्या एकाच 'व'मुळे होतो. शिक्षकांनी दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून फरक दाखवला, तर दहा वेळा लाल शाई वापरण्याची वेळ येणार नाही.

म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात. आठवीपासून विज्ञान-गणिताच्या संज्ञा दोन्ही भाषांत लिहून घ्याव्यात. 'प्रकाशसंश्लेषण'च्या शेजारी 'फोटोसिंथेसिस' असेल तर अकरावीत शब्द परका वाटणार नाही. प्रत्येक तासाला पाच मिनिटे जोडीजोडीने बोलण्याची असावीत. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला तोंड उघडण्याची संधी मिळण्याचा हा सोपा मार्ग आहे. विश्वस्त मंडळाने दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत पूर्वतयारीचे वर्ग भरवावेत आणि सोप्या इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांचे एक कपाट वर्गातच ठेवावे.

पालकांनी घरी अडखळत्या इंग्रजीचा अट्टहास करू नये. भरपूर मराठी वाचून दाखवावे. गोष्टीचा सारांश सांगणे, कारण देणे, प्रश्न विचारणे ही कौशल्ये एका भाषेत आली की दुसरीत उपयोगी पडतात.

भाषांचे ओझे होईल, अशी भीती काहींना वाटते. २०२३ च्या कायद्याने गुजरातमधील शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची झाली आहे. पण आपली मुले शिरोरेखेची मराठी आणि बिनशिरोरेखेची गुजराती एकाच दप्तरात आनंदाने वागवतात. इंग्रजी ही त्यांची तिसरी-चौथी भाषा आहे. भाषा शिकण्याचा सराव त्यांना आधीपासूनच आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, वर्गात कोणी चुकीचे इंग्रजी बोलले तर हसू नका. उद्या तो उठून शंका विचारील की नाही, हे तुमच्या आजच्या हसण्यावर ठरणार आहे.