जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी बसवताय? एआयमुळे गणित बदललंय

पॉवर बटण दाबायचं, चहा ठेवायचा आणि चहा पिऊन झाला तरी स्क्रीनवर ते गोल चक्र फिरतच असतं. घरातल्या सात-आठ वर्षं जुन्या कॉम्प्युटरची ही रोजची कहाणी. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, हा त्यावरचा स्वस्तातला उपाय. पण २०२५ च्या अखेरीपासून तो तितकासा स्वस्त राहिलेला नाही.

एसएसडीमुळे एवढा फरक का पडतो?

हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते आणि एक छोटा हेड जागा शोधून माहिती वाचतो. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल्स लागतात, त्यामुळे हेडची सतत धावपळ होते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. माहिती थेट फ्लॅश चिपमधून मिळते.

मग भाव का वाढले?

फ्लॅश चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत. आता एआयच्या डेटा सेंटरनाही याच चिप्स मोठ्या प्रमाणावर हव्या आहेत. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉन कंपनीने तर घरगुती ग्राहकांसाठीचा 'क्रुशल' ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण हेच, डेटा सेंटरची मागणी. म्हणजे तुम्ही एआय वापरा किंवा वापरू नका, त्याचं बिल तुमच्यापर्यंत येतंच.

खरेदीआधी काय तपासाल?

१. दुखणं डिस्कचंच आहे का? टास्क मॅनेजर उघडा. डिस्कचा आकडा सतत १०० टक्क्यांजवळ असेल, तर एसएसडीचा फायदा होण्याची शक्यता जास्त.

२. कोणती एसएसडी बसेल? जुन्या मशीनमध्ये बहुतेकदा २.५ इंची साटा एसएसडी चालते. महागडी एनव्हीएमई घेण्याआधी मदरबोर्डवर तिची सोय आहे का, ते बघा.

३. विंडोजचं काय? विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एसएसडीमुळे वेग वाढेल, पण जुना प्रोसेसर विंडोज ११ साठी पात्र ठरेलच असं नाही. अशा वेळी लिनक्स हा मोफत पर्याय आहे.

पैसे कुठे वाचतील?

सगळं एसएसडीवरच ठेवायची गरज नाही. विंडोज आणि रोजच्या कामासाठी २५६ जीबी अनेक घरांना पुरते. फोटो, व्हिडिओ जुन्या डिस्कवर राहू द्या. लॅपटॉप असेल तर ती डिस्क यूएसबी केसमध्ये घालून वापरता येते. मात्र तीही कधीतरी बंद पडणारच, म्हणून महत्त्वाच्या फोटोंची दुसरी कॉपी आधी काढा. एसएसडी पुन्हा विकत मिळेल, आजीचे फोटो मिळणार नाहीत.