मामाचं गांडूळ

रविवार सकाळ. साडेअकराला चार मैत्रिणी पावभाजी खायला येणार, आणि माझ्या किचनचं सिंक म्हणतंय, सॉरी बॉस, आज सुट्टी! पाणी काठोकाठ. वर आदल्या रात्रीच्या फोडणीतली मोहरी निवांत तरंगतेय.

अशा वेळी आपण काय करतो? 'माणूस' बोलावतो. नीट ऐका, आपण 'प्लंबर' म्हणत नाही, 'माणूस' म्हणतो. "अगं, सिंक तुंबलंय, कुणी माणूस आहे का?" मग माणूस येतो, आपण नाकाला ओढणी लावतो आणि बेडरूममध्ये जाऊन लॅपटॉप उघडतो. अर्ध्या तासाने पाणी वाहू लागलेलं असतं. कसं, ते आपल्याला बघायचं नसतं.

त्या रविवारी माणूस नॉट रीचेबल होता. मी ड्रेन क्लीनरची अख्खी पुडी ओतली, वर गरम पाणी. फसफस झाली, वाफ आली, डोळे चुरचुरले, पाणी तसूभरही हललं नाही. शेवटी सगळ्या जणी बाहेर जेवलो. बिल? विचारू नका.

पुढच्याच आठवड्यात एका लग्नासाठी आजोळी गेले. आजोळ म्हणजे देवगाव फाटा, जिल्हा परभणी. जालन्याहून मंठ्यामार्गे जिंतूरकडे जाताना जिथून सेलूचा रस्ता फुटतो, तो हा फाटा. एसटी थांबते, लोक उतरतात, भजे खातात, चूळ भरतात, पुढे जातात. मामाचं इथे हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे आपलं थ्री स्टार नाही हं! चार बाकडी, एक भट्टी आणि मागे मोरी. पण लोड बघा त्या मोरीवर. दिवसभर चहाचा चोथा, भज्यांचं तेल, बेसनाचं पाणी, खरकटं. माझं सिंक तिच्यापुढे बालवाडीत आहे.

माझी पावभाजीची ट्रॅजेडी ऐकून मामा पोट धरून हसला. "पुण्यात राहून हेच करायलीस का गं? इकडं ये, तुला गांडूळ दाखवतो."

गांडूळ म्हणजे मामाचं घरगुती अवजार. बाजारात त्याला 'ड्रेन स्प्रिंग' म्हणतात. मामाचं मात्र चौथं व्हर्जन चालू आहे, आणि प्रत्येक व्हर्जनची एक स्टोरी आहे.

पहिलं, बांबूची कामटी. सरळ पाइपात झकास, वळण आलं की अडते. एकदा आतच तुटली आणि तुंबलेल्यात आणखी तुंबलं. दुसरं, जाड जीआय तार. ती वळणातून जाते, पण बोळ्याला फक्त भोक पाडते. दोन दिवस पाणी जातं, तिसऱ्या दिवशी जैसे थे. तिसरं, मोटरसायकलच्या जुन्या क्लच केबलची आतली वायर. लवचीक तर आहे, पण ढकलली की स्वतःवरच दुमडते, आणि लांबीला जेमतेम हातभर.

चौथ्या व्हर्जनची आयडिया समोरच्या मेकॅनिकची. रिक्षाची केबल घ्या, तो म्हणाला. का? तर रिक्षाचं इंजिन मागे आणि क्लच पुढे हँडलला, म्हणून केबल लांब. बाहेरचं कव्हर काढायचं नाही. ते असलं की ढकललेला जोर टोकापर्यंत पोचतो. आतल्या वायरच्या टोकाचे पीळ सोडवून चार आकडे केले. दुसऱ्या टोकाला जुन्या हात-ड्रिलसारखा वाकडा दांडा वेल्ड केला. आता ढकलायचं आणि फिरवायचं. आकडे बोळ्यात रुततात आणि तो धरून बाहेर येतो. केबलवर वीतभर अंतरावर लाल रंगाच्या खुणा आहेत, म्हणजे अडथळा किती आत आहे तेही कळतं.

पण खरी कमाल पुढे आहे. दांड्याजवळ मामाने टायरच्या ट्यूबची एक गोल चकती घातलीय, मधोमध बारीक भोक असलेली. ती मोरीच्या तोंडावर पायाने दाबून धरायची आणि केबल तिच्यातून बाहेर ओढायची. येता येता केबल पुसली जाते, घाण मोरीतच राहते. शेवटी आकड्यात अडकलेला बोळा तेवढा फडक्याने उचलून कचऱ्यात टाकायचा.

"ही चकती कशाला एवढी?" मी विचारलं. "हातमोजे घालायचे ना."

"पाणी तर कशानंबी निघतं," मामा म्हणाला. "घाणीला हात लागला नाही पाहिजे, हे खरं."

आणि मग त्याने जे सांगितलं, त्यासाठी हा कॉलम आहे.

पूर्वी मोरी तुंबली की सेलूकडून एक 'माणूस' यायचा. चेंबरचं झाकण उघडून, बाही सरसावून खांद्यापर्यंत हात आत घालायचा. मामा त्याला पैसे द्यायचा आणि चहा पाजायचा. "सगळ्यांना काचेच्या गिलासात, त्याला कागदी कपात," मामा खाली बघत म्हणाला. "कुणी सांगितलं नव्हतं. आपसूकच व्हायचं." त्या माणसाची जात मी लिहीत नाही. तुम्ही ओळखलीच असेल. ओळखलीत, हाच तर प्रॉब्लेम आहे.

मग मे २०२३ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यात, सेप्टिक टँक साफ करताना पाच मजुरांचा जीव गेला. बातमी हॉटेलातल्याच पेपरात आली. मामाने ती दोनदा वाचली. त्या आठवड्यात तो मेकॅनिककडे गेला.

यात एक गंमत आहे, थोडी कडू. मामासारखा माणूस अमेरिकेतही होऊन गेला. १९३३ मध्ये आयोवातल्या डे मॉइन शहरात सॅम्युएल ब्लँक नावाच्या गृहस्थाच्या मुलाच्या फ्लॅटचं ड्रेनेज तुंबलं. त्याने वॉशिंग मशीनची मोटर, रोलर स्केटची चाकं आणि स्टीलची केबल जोडून फिरतं यंत्र बनवलं. त्यातूनच 'रोटो-रूटर' ही मोठी कंपनी उभी राहिली. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, "मंग पैशे कमावले असतील त्यानं." कमावले, मामा.

आपल्याकडे अवजारं सुधारायचा विचार झाला नाही असं मुळीच नाही. १९४९ मध्ये तेव्हाच्या मुंबई सरकारने सफाई कामगारांची परिस्थिती पाहायला बर्वे समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ मध्ये आला. १९५७ मध्ये केंद्राने मलकानी समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहणं थांबावं, पाटीऐवजी हातगाडी यावी, असा तो काळ होता. पुढे १९९३ चा कायदा आला, मग २०१३ चा. कुणालाही संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं आज गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. पाटीची हातगाडी झाली, पण हातगाडी ढकलणारे हात तेच राहिले.

म्हणून मला मामाचं चौथं व्हर्जन आवडलं. त्यात अवजार बदललंच, पण दांडा धरणारा हातही बदलला. आता तो हात हॉटेल मालकाचा आहे.

तर दोस्तहो, आपलं काय? फ्लॅटमधलं बरंचसं तुंबणं हे केस, तेल आणि खरकटं यांचंच असतं आणि ते आपल्या आवाक्यातलं आहे. बाथरूमच्या जाळीखाली असतो तो 'नहानी ट्रॅप'. देशभरातल्या प्लंबिंगच्या पुस्तकांत हाच शब्द आहे. आपली न्हाणीच की ती! त्यात कायम थोडं पाणी साठलेलं असतं, ते वास आणि झुरळं अडवतं. जाळी काढा, केस काढा, झालं. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात प्लास्टिकची काटेरी पट्टी मिळते.

किचन सिंकखाली बाटलीसारखा ट्रॅप असतो. खाली बादली ठेवा आणि त्याची वाटी हाताने फिरवून उघडा. मोहरी तिथेच भेटेल. रबरी पंप मारायचा असेल तर रबर बुडेल एवढं पाणी हवं, आणि सिंकचं वरचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने बंद करा. नाहीतर सगळा जोर तिथूनच निघून जातो. दाबण्याइतकंच ओढणंही महत्त्वाचं. स्प्रिंग वापरलीत तर जबरदस्ती नको. फिरवत फिरवत पुढे न्या.

पुडी मात्र शेवटचा उपाय, खरं तर नकोच. कॉस्टिक आणि तेल एकत्र आलं की साबण तयार होतो, आणि तो कधी कधी आतच घट्ट बसतो. पुडी टाकल्यावर पंप मारू नका, उडालं तर डोळ्यांत जाईल. ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतलंत तर क्लोरीन वायू सुटतो. आणि पुडी टाकून मग माणूस बोलावलात, तर निदान त्याला सांगा तरी! त्याचा हात त्याच पाण्यात जाणार असतो.

चेंबर, सेप्टिक टँक? तिथे हिरोगिरी नाही, आपलीही नाही आणि दुसऱ्याच्या जिवावर तर नाहीच. टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड साठतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण वायू जास्त असला की नाकच बधिर होतं. वास नाही म्हणून धोका नाही, असं वाटतं आणि माणूस आत जातो. मग त्याला वाचवायला दुसरा. हे काम मैला उपसणाऱ्या गाडीचं आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, "गाडी महाग पडते, माणूस स्वस्तात उतरतो," तर तुम्ही बोला. तेवढं तरी नक्की बोला.

मामाने निघताना मला एक छोटं गांडूळ बनवून दिलं, फ्लॅट एडिशन. ते बॅगेत घालून मी पुण्याला आले. पुढच्या रविवारी पावभाजीचा टेक टू होता. सकाळी सिंकखाली आडवी पडून ट्रॅप उघडला, वाटीत मोहरी आणि काळपट तेलाचा गोळा. मग गांडूळ आत सोडलं, फिरवलं. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा काहीतरी अडकलं. तिसऱ्यांदा गुडगुड आवाज आला. वाटी घट्ट बसवून नळ सोडला आणि पाणी सरसर गेलं. शपथ सांगते, पहिली बायलाइन छापून आली तेव्हाही एवढं भारी वाटलं नव्हतं.

साडेअकराला मैत्रिणी आल्या. पहिलीने आल्या आल्या सिंक पाहिलं. "अरे वा, माणूस मिळाला वाटतं?"

"हो," मी हात पुसत म्हणाले, "घरातच होता."